आर्चरच्या डोळ्यांनी बघायचं, पण त्याच्या मतावर जायचं नाही

ईडिथ व्हॉर्टनची 'द एज ऑफ इनोसन्स' वाचून झाली की बहुतेक वाचक एकच निकाल घेऊन येतात. मे म्हणजे गोड, गोरी, जरा मठ्ठ बायको. एलन म्हणजे जग बघितलेली, बेधडक बाई. आणि बिचारा न्यूलंड आर्चर दोघींच्या मधे सापडलेला. हा निकाल कादंबरीनं दिलेला नाही, आर्चरनं दिलेला आहे. कादंबरी तो पदोपदी खोडून काढते, पण इतक्या हळू आवाजात की पहिल्या वाचनात ऐकू येत नाही. आर्चर दोघींच्या बाबतीत चुकतो, आणि दोन्हीकडे त्याची चूक एकाच जातीची आहे. मेला काही कळत नाही असं तो धरून चालतो आणि एलनला काहीही चालतं असं धरून चालतो. प्रत्यक्षात मेला त्याच्याआधी सगळं कळलेलं असतं आणि एलनचे नियम त्याच्यापेक्षा कडक असतात.

आमच्या नाशिकच्या वाचनगटात नवी मंडळी आली की ही कादंबरी मी पुन्हा वाचायला लावते. ती कशी वाचावी, कुठे थांबावं, पेन्सिल कुठे फिरवावी, याच्या माझ्या सूचना इथे नीट लिहून ठेवते आहे. पुढे शेवटापर्यंतचं सगळं कथानक येईल, म्हणून एकदा कादंबरी वाचून मगच याकडे वळा. ती १९२० साली आली, आता प्रताधिकारमुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळते. प्रकरणं ३४, भाग दोन, पहिला भाग १८व्या प्रकरणाला संपतो. मी पुढे प्रकरणांचे आकडे देते आहे, ते हाताशी ठेवा.

सुरुवातीच्या दोन गोष्टी पटकन उरकते. पहिल्या तीन प्रकरणांत नावांचा नुसता लोंढा येतो आणि पुष्कळ जण तिथेच पुस्तक खाली ठेवतात. सगळी नाती पाठ करायची गरज नाही. एका कागदावर एवढंच लिहा: म्हातारी, अवाढव्य, कुणालाही न जुमानणारी कॅथरीन मिंगॉट ही कुळाची आजी. मे वेलंड तिची मुलीकडून नात, एलन मुलाकडून, म्हणजे एलन ही मेची मामेबहीण. एलन एका पोलिश काउंटची बायको, नवऱ्याला सोडून न्यूयॉर्कला परतलेली. आर्चर वकील, मेशी त्याचं लग्न ठरलेलं. लॉरेन्स लेफर्ट्स आणि सिलर्टन जॅक्सन हे गावभरच्या चालीरीतींचे आणि भानगडींचे जाणकार. बाकीचे लोक आपोआप लक्षात राहतात.

दुसरी गोष्ट, १९९३ चा चित्रपट बघितला असेल तर त्यातले चेहरे बाजूला ठेवा. चित्रपट सुंदर आहे, पण त्यात एलन सोनेरी केसांची आणि मे काळ्याभोर केसांची आहे. पुस्तकात बरोबर उलट. हा फरक वरवरचा वाटतो, तसा तो नाही. व्हॉर्टनबाईंनी मेला गोरी, निळ्या डोळ्यांची, पांढऱ्या कपड्यांतली केली आहे ती आर्चरला तिच्यात कोरा कागद दिसावा म्हणून.

कोण बघतंय ते आधी ठरवा

कादंबरी 'मी' अशी लिहिलेली नाही. 'तो', 'ती' अशी आहे, त्यामुळे कुणीतरी तटस्थ माणूस गोष्ट सांगतो आहे असं आपण समजतो. पण कॅमेरा जवळजवळ सतत आर्चरच्या खांद्यावर आहे. मेच्या मनात आपण कधीच थेट शिरत नाही, एलनच्याही नाही. म्हणून पहिलं काम हे: पेन्सिल घ्या आणि जिथे वाक्य घटना सांगत नसून आर्चरचं मत सांगतं तिथे समासात 'आ.' लिहा. दहा पानं केलीत तरी डोळा तयार होतो.

पहिल्याच प्रकरणात करून बघा. १८७० नंतरची सुरुवातीची वर्षं, जानेवारीची संध्याकाळ, न्यूयॉर्कच्या अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये 'फाउस्ट' हा ऑपेरा चालला आहे. ख्रिस्तीन निल्सन मार्गारेटचं काम करते आहे, फुलाच्या पाकळ्या तोडत 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे, नाही, आहे' असं गाते आहे. समोरच्या बॉक्समध्ये मे बसली आहे, मांडीवर लिली-ऑफ-द-व्हॅलीचा मोठा गुच्छ, तो आर्चरनंच पाठवलेला. 'आहे' हा सूर लागतो आणि मेचा चेहरा केसांच्या मुळांपर्यंत गुलाबी होतो. ती नजर खाली वळवते, हातमोज्यातली बोटं फुलांना हलकेच लावते. ही झाली घटना. थोड्या वेळानं आर्चर तिच्याकडे बघून मनाशी म्हणतो की हिला बिचारीला यातलं काही उमगतसुद्धा नाही, आणि त्या विचारानं त्याला मालकीचा अभिमान वाटतो. हे झालं 'आ.'

आता दोन्ही शेजारी ठेवा. ज्या मुलीला काही उमगत नाही ती नेमक्या त्याच सुरावर का लाजली? प्रेम म्हणजे काय आणि इथे माझा कुणाशी संबंध जोडला जातो आहे, हे तिला कळलेलं आहे. डोळ्यासमोर घडूनही त्याला ते दिसलं नाही, कारण त्यानं आधीच ठरवून ठेवलं आहे की हिला मी शिकवणार, इटलीच्या तळ्यांकाठी बसून हिच्याबरोबर 'फाउस्ट' वाचणार. त्याच प्रकरणात त्याला आणखी एक हवं असतं: लग्नानंतर मे त्या विवाहित बाईइतकी चतुर आणि रसिक व्हावी, जिच्यात तो स्वतः दोन वर्षं गुंतला होता. म्हणजे बायको अजाण पाहिजे आणि अनुभवीही पाहिजे. अशी मागणी असलेल्या माणसाला समोरची मुलगी जशी आहे तशी दिसणं शक्यच नाही.

मेचे प्रश्न गोळा करा

मेचं बोलणं साधं असतं, म्हणून आपण ते ओलांडून जातो. तसं करू नका. वहीचं एक पान फक्त मेच्या प्रश्नांसाठी ठेवा, आणि प्रत्येक प्रश्नापुढे आर्चरनं काय उत्तर दिलं ते लिहा. माझ्या मते सगळ्या सूचनांमध्ये ही एक केलीत तरी मे तुम्हाला पुरती वेगळी दिसेल.

पहिला प्रश्न तिसऱ्या प्रकरणात येतो, साखरपुडा जाहीर होतो त्याच रात्री. ती विचारते, एलनला सांगितलंत का? सांगायची संधी मिळाली नाही, असं तो म्हणतो. ते खरं नाही, संधी होती, त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं. मे थोडी हिरमुसते, पण मागणी सोडत नाही. एलन आमची आहे, तिला डावलल्यासारखं वाटायला नको, तुम्हीच सांगा, असा तिचा आग्रह असतो. पहिल्या रात्रीचा पहिला प्रश्न एलनबद्दलचा, आणि त्याला मिळालेलं उत्तर खोटं.

मग १६वं प्रकरण, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन. हे प्रकरण सावकाश वाचा, शक्य असेल तर मोठ्यानं, दोघांनी दोन आवाज वाटून घेऊन. आर्चर कामधाम टाकून तिथे धावत गेला आहे आणि लग्न लवकर करू या म्हणून मागे लागला आहे. त्याला वाटतं आहे की आपण उत्कट प्रियकर आहोत. मे त्याच्याकडे बघते आणि विचारते: तुम्हाला माझ्याबद्दल पुढेही असंच वाटत राहील याची खात्री नाही, म्हणून ही घाई आहे का? दुसरं कुणी आहे का? साखरपुडा झाल्यापासून तुमच्यात फरक जाणवतो आहे, असंही ती सांगते. मुलींना आईबाप समजतात तितकं कमी कळत नसतं, हेही ती शांतपणे सांगते. मग त्याच्या जुन्या प्रकरणाचा, त्या विवाहित बाईचा विषय ती स्वतः काढते. दुसऱ्या कुणावर अन्याय करून मला सुख नको, तुम्ही तिला शब्द दिला असेल तर मी बाजूला होते, इतकं स्पष्ट बोलते.

आर्चरला हायसं वाटतं, कारण तिनं चुकीच्या बाईवर बोट ठेवलं आहे. तो बोलून जातो की तुला खरं काय ते माहीत असतं तर! आणि मे झटकन मान वर करते: म्हणजे मला माहीत नसलेलं खरं काहीतरी आहे? तो सारवासारव करतो की त्या जुन्या गोष्टीबद्दल म्हणत होतो.

हा एकच प्रश्न मेची सगळी बुद्धी दाखवायला पुरेसा आहे. त्याच्या वाक्यातून निसटलेला शब्द तिनं क्षणात पकडला. ती २१-२२ वर्षांची आहे, तिला कुणी वादविवाद शिकवलेला नाही, तरी वकिलाच्या तोंडून सुटलेली चूक तिनं टिपली. आणि आर्चर काय करतो? क्षणभर तिच्या मोठेपणानं भारावतो, मग ती पुन्हा लाजरी, भित्री मुलगी झाली असं ठरवून मोकळा होतो. मी गटात इथे थांबते आणि विचारते, मे खरंच पुन्हा लहान झाली, की तिनं विचारून बघितलं, उत्तर मिळणार नाही हे ओळखलं आणि विचारणं थांबवलं? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. यानंतर मे थेट विचारत नाही. ती बघते, नोंद ठेवते आणि कृती करते.

आर्चर मात्र लग्नानंतर, लंडनच्या मुक्कामात (२०वं प्रकरण), असा निष्कर्ष काढतो की आपण मुक्त नाही याची जिला पुसटशी जाणीवही नाही अशा बायकोला मुक्त करायला जाण्यात अर्थ नाही. याच्या आधी तो केंटकीच्या गुहेतल्या आंधळ्या माशांची आठवण काढून घाबरलेला असतो. वापर नाही म्हणून त्या माशांचे डोळेच गेले, आपण मेच्या डोळ्यांवरची पट्टी काढली आणि आत काहीच नसलं तर? दोन्ही ठिकाणी समासात ठळक 'आ.' लिहा. फ्लोरिडात त्याच मुलीनं त्याला आरपार बघितलेलं आहे.

न बोललेलं वाचायला २६वं प्रकरण वापरा

आर्चर मेला सांगतो की कामासाठी वॉशिंग्टनला जायचं आहे. एलन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये राहते. काम खोटं आहे. मे हसून, अगदी घरगुती आवाजात म्हणते, हवापालट होईल, आणि एलनला भेटायला मात्र विसरू नका.

या एका वाक्यापुढे व्हॉर्टनबाई लांबलचक परिच्छेद देतात, आणि त्या वाक्यात मेनं काय काय सांगितलं ते उलगडून दाखवतात. गावात एलनबद्दल काय बोललं जातं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हेही तुम्हाला ठाऊक आहे. कुटुंबाला काय वाटतं, तुम्ही त्याविरुद्ध तिला कसं उचलून धरता आहात. तुम्ही तिला भेटायलाच निघाला आहात हे मला कळतं. माझ्या उघड संमतीनं जा, आणि तिला काय सांगायचं आहे ते सांगा. एवढं सगळं त्या एका आग्रहात आहे.

मराठी घरात वाढलेल्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. 'बसा ना, एवढी काय घाई' याचा अर्थ कधी कधी 'निघा आता' असा असतो, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो. मेचं बोलणं त्याच कानानं ऐका. हे प्रकरण मी किल्ली म्हणून वापरते. ते वाचल्यावर मागे जा आणि मेच्या प्रत्येक साध्या वाक्याचा असाच परिच्छेद स्वतः लिहून बघा.

उदाहरणार्थ २१वं प्रकरण. न्यूपोर्टला धनुर्विद्येची स्पर्धा मे जिंकते, हिऱ्याच्या टोकाचा बाणाचा ब्रोच मिळवते. ही असलीच निशाणं हिला साधणार, असं बँकवाला ज्युलियस बोफर्ट कुत्सितपणे म्हणतो. त्याच दिवशी परतताना मे म्हणते, एलन नवऱ्याकडेच जास्त सुखी राहील की काय. आर्चर चमकून म्हणतो, तुझ्या तोंडून असं क्रूर बोलणं कधी ऐकलं नव्हतं. वाचक म्हणतो, बघा, किती कोत्या मनाची. थांबा. २५व्या प्रकरणात काउंटचा माणूस मस्यू रिव्हिएर आर्चरला भेटतो, तेव्हा आर्चरच्या लक्षात येतं की एलनला परत पाठवण्याच्या वाटाघाटी कुटुंबात कधीच्या चालू आहेत आणि त्यातून आपल्याला मुद्दाम वगळलं आहे. तेव्हा त्याला मेचं ते वाक्य आठवतं. ती चाचणी होती. नवरा कोणत्या बाजूला झुकतो ते तिनं बघितलं, त्याचं उत्तर कुटुंबाला कळवलं, आणि कुटुंबानं त्याला बाजूला ठेवलं. निशाण अचूक लागलं होतं.

मे दुष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. ती लढते आहे, आणि तिला दिलेली हत्यारं एवढीच आहेत.

एलनसाठी उलटी पद्धत: सामान बाजूला काढा

मेच्या बाबतीत दुर्लक्षित गोष्टी गोळा करायच्या, तर एलनच्या बाबतीत डोळे दिपवणाऱ्या गोष्टी वजा करायच्या. पश्चिम २३व्या रस्त्यावरचं तिचं घर, तिथला मंद उजेड, वेगळीच चित्रं, फुलदाणीतले गुलाब, तिचे कपडे, इटालियन बोलणारी मोलकरीण. आर्चर त्या दिवाणखान्यात पहिल्यांदा जातो तेव्हाच तो भारला जातो, आणि आपणही. याच भेटीनंतर तो फुलवाल्याकडे जाऊन तिला पिवळे गुलाब पाठवतो, चिठ्ठी न घालता. मेला लिली, एलनला पिवळे गुलाब: दोघी कोण आहेत हे त्यानं ठरवून टाकलेलं आहे.

वहीत दुसऱ्या पानावर एलननं काय केलं तेवढंच लिहा. काय नेसली, काय दिसली, ते नाही. माझी यादी अशी निघते: छळणाऱ्या नवऱ्याला सोडलं. घटस्फोट मागितला. सांगितल्यावर तो सोडून दिला. आर्चरवर प्रेम असूनही लग्न ठरलेल्या मेचा घास हिसकावला नाही. नवऱ्यानं पैशाचं मोठं आमिष दाखवलं तरी परत गेली नाही, घरच्यांनी खर्चाची रक्कम कमी केली तरीही. बोफर्टची बँक बुडाली आणि सगळ्यांनी त्याच्या बायकोकडे पाठ फिरवली, तेव्हा आजीची गाडी घेऊन उघडपणे तिला भेटायला गेली. शेजारच्या गरीब पत्रकाराचा मुलगा गुडघा फोडून घेऊन पडला तेव्हा त्याला उचलून घरी नेलं. मे आई होणार हे कळल्यावर देश सोडला.

या यादीत एकही चैनीची गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या सगळ्या पोशाखी सभ्यतेत एवढा कडक हिशेब कुणी पाळत नाही.

आता १२वं आणि १८वं प्रकरण शेजारी शेजारी वाचा. मधली प्रकरणं तात्पुरती सोडा. १२व्यात आर्चर वकील म्हणून एलनकडे जातो, घटस्फोट मागू नये हे समजावायला. त्याच्या खिशात काउंटच्या पत्राची माहिती आहे, त्यात एलनवर आणि काउंटच्या सेक्रेटरीवर आरोप आहे. तो तिला सरळ विचारत नाही की हे खरं आहे का. तो आडवळणानं बोलतो, ती गप्प राहते, मग म्हणते की माझं स्वातंत्र्य, त्याला काहीच किंमत नाही का? आणि तेवढ्यावरून त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो की आरोप खरा असणार आणि हिला त्या माणसाशी लग्न करायचं असणार. पुढे तो घराणं, लोकापवाद अशी ठरावीक वाक्यं बोलत राहतो. शेवटी ती म्हणते, ठीक आहे, तुमची इच्छा असेल तसं करते.

१८व्यात तो प्रेमाची कबुली देतो आणि तेव्हा एलन सांगते: त्या पत्राची मला काडीचीही भीती नव्हती. भीती एवढीच होती की तुमची आणि मेची बदनामी होईल. तुम्ही सांगितलंत म्हणून मी घटस्फोट सोडला. म्हणजे ती मोकळी झाली असती ती वाट आर्चरनंच बंद केली, आणि तीही एका गृहीतकावर. जगभर फिरलेली बाई म्हणजे तिच्या पाठीशी काहीतरी असणारच, हे ते गृहीतक. लेफर्ट्स क्लबमध्ये बसून हेच म्हणत असतो. आर्चर स्वतःला लेफर्ट्सपेक्षा फार वेगळा समजतो. याच प्रकरणाच्या शेवटी मेची तार येते, घरच्यांनी होकार दिला, ईस्टरनंतर लग्न. एक तार एलनला, एक आर्चरला. पहिला भाग इथे संपतो.

स्वप्नाळू कोण आणि जमिनीवर पाय कुणाचे, याचा निकाल २९व्या प्रकरणात लागतो. जर्सी सिटीहून येताना दोघं बंद गाडीत बसली आहेत, ती गाडीही मेची. आर्चर म्हणतो, आपण अशा जगात जाऊ जिथे पत्नी, रखेली असले शब्दच नसतील. एलन विचारते, असा देश कुठे आहे? तुम्ही गेला आहात का तिथे? ज्यांनी तो शोधायचा प्रयत्न केला ते वाटेतल्याच स्टेशनांवर चुकून उतरले, आणि तिथलं जग सोडून आलेल्या जगापेक्षा वेगळं नव्हतं, फक्त लहान आणि कळकट होतं. हे ती बघून आलेली आहे. इथे 'इनोसंट' कोण आहे ते समासात स्वतःच्या शब्दांत लिहा.

व्हॉर्टनबाईंना हे कुठून कळलं, असं गटात हमखास विचारलं जातं. त्या १८६२ साली याच न्यूयॉर्कच्या याच वर्गात जन्मल्या, १९१३ साली त्यांनी स्वतः घटस्फोट घेतला, आणि ही कादंबरी पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये राहून लिहिली. १९२१ साली तिला पुलित्झर मिळालं, कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण यावरून एलन म्हणजे लेखिका असं समीकरण मांडू नका. तसं केलं की मे पुन्हा हातातून निसटते.

३१ ते ३३: तारखा मांडा

ही तीन प्रकरणं भावनेनं वाचू नका, रोजनिशीसारखी वाचा. कोणत्या दिवशी कुणाला काय माहीत होतं? ३१व्यात आर्चर आणि एलन संग्रहालयात भेटतात आणि एकदाच त्याच्याकडे यायचं ती कबूल करते. त्यानंतर मे उशिरा घरी येते. आजीकडे एलन भेटली, खूप वेळ बोललो, आपण तिच्याशी नीट वागलो नाही असं वाटतं, असं सांगते. आर्चरला त्यात विशेष काही जाणवत नाही. ३२व्यात पुन्हा तोच ऑपेरा, मे लग्नातला पोशाख घालून आली आहे. तो रात्री तिला सगळं सांगायला तोंड उघडतो, तर ती सांगते की एलन युरोपला परत चालली आहे. ३३व्यात निरोपाची मेजवानी, आणि टेबलावर बसल्या बसल्या आर्चरला उमजतं की इथला प्रत्येक माणूस आपल्याला आणि एलनला प्रियकर-प्रेयसी समजतो, आणि आपली बायकोही त्यांच्यात आहे. पाहुणे गेल्यावर मे सांगते की ती आई होणार आहे. एलनला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा तर तुला खात्री नव्हती, असं तो म्हणतो. खात्री नव्हती, पण आहे असं मी तिला सांगितलं, आणि बघा, माझं खरं ठरलं.

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका आहेत. हे प्रकरण वाचून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येक नव्या वाचकाला सांगते. त्या म्हणाल्या, १८७० च्या सुमाराला तपासणीची काही सोय नव्हती, पाळी चुकली एवढ्यावर बाई थांबायची. इतक्या लवकर 'आहे' म्हणणं म्हणजे केवढी जोखीम. खोटं ठरलं असतं तर एलनसमोर, घरासमोर, नवऱ्यासमोर तिची काय अवस्था झाली असती! मठ्ठ बाई अशी उडी घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि तिनं ती गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, एलनला सांगितली. एलन काय करील हे तिला पक्कं माहीत होतं. आर्चरला न कळलेली एलन मेला कळलेली होती. या दोघी एकमेकींना जितकं ओळखतात तितकं तो दोघींपैकी एकीलाही ओळखत नाही.

शेवटचं प्रकरण

२६ वर्षं गेली आहेत. आर्चर ५७ वर्षांचा आहे. धाकट्या मुलाच्या न्यूमोनियात त्याची शुश्रूषा करता करता मे त्याच आजारानं गेली. आर्चरनं ती तशीच मनात ठेवली आहे: उदार, विश्वासू, कल्पनाशक्ती नसलेली. समासात 'आ.' लिहायची सवय एव्हाना लागलेली असेल, तर इथे हात आपोआप जाईल. मग पॅरिसमध्ये मोठा मुलगा डॅलस त्याला सांगतो की आईनं मरणाच्या आदल्या दिवशी मला बोलावलं होतं. तुम्ही वडिलांजवळ सुरक्षित आहात असं ती म्हणाली, कारण तिनं एकदा मागितलं तेव्हा त्यांनी त्यांना सर्वांत हवी असलेली गोष्ट सोडून दिली होती.

तिनं मला कधीच मागितलं नाही, असं आर्चर म्हणतो.

आता वहीतलं मेच्या प्रश्नांचं पान काढा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. तिनं मागितलं होतं का नव्हतं? माझ्या मते फ्लोरिडापासून ती मागतच होती, त्याला ऐकू येण्यासारख्या भाषेत एकदा आणि त्यानंतर तिच्या भाषेत. आर्चरला या क्षणी जे वाटतं ते मात्र मनापासूनचं आहे. कुणीतरी आपलं दुःख ओळखलं होतं, आणि ती आपली बायको होती, यानं तो हलून जातो. इथे त्याच्याबद्दल वाचकाचं मन मऊ व्हावं, मलाही त्यात काही गैर वाटत नाही.

तरी पुढे तो एलनच्या घराखाली बाकावर बसून राहतो, मुलाला वर पाठवतो आणि स्वतः जात नाही. वर गेलो तर आता आहे तितकं खरं राहणार नाही, असं त्याला वाटतं. याला कुणी निष्ठा म्हणतं, कुणी प्रौढपणा. मला ती त्याची तिसरी चूक वाटते. पाचव्या मजल्यावर एक खरी बाई आहे, म्हातारी होत चाललेली, आणि तिला काय हवं आहे हे त्यानं याही वेळी विचारलं नाही. मनातली एलन त्याला जास्त सोयीची आहे, जशी मनातली मे होती. गटातले निम्मे लोक माझ्याशी इथे कडाडून भांडतात, आणि त्यांच्याही बाजूला पुस्तकात ओळी आहेत.

गटानं वाचणार असाल तर ३३वं आणि ३४वं प्रकरण एका बैठकीत घेऊ नका. दोन्ही एकत्र घेतली की सगळे त्या बाकाबद्दल आणि पॅरिसबद्दलच बोलत बसतात, आणि मेनं पंधरा दिवस आधी एलनला काय सांगितलं याकडे पुन्हा कुणी वळत नाही. मेजवानीच्या प्रकरणाला स्वतंत्र संध्याकाळ द्या, प्रत्येकाकडे मेच्या प्रश्नांचं पान असू द्या, आणि पहिलं बोलणं त्या पानापासून सुरू करा.